तक्ता माझ्या नावाचा, स्वयंपाकघर तिचे : एका वजन-नियंत्रण केंद्राच्या तिमाही योजनेचे परीक्षण

वजन कमी करून देणाऱ्या केंद्रांविषयी जे अभिप्राय वाचायला मिळतात, ते किती किलो उतरले, किती पैसे गेले आणि तिथली मंडळी कशी वागली यापलीकडे सहसा जात नाहीत. घरातला जोडीदारच या खटाटोपाच्या विरोधात असेल तर तीच योजना कितपत चालते, हे मात्र कोणी लिहीत नाही. कल्याण-डोंबिवली पट्ट्यातील एका केंद्राची तीन महिन्यांची योजना मी पूर्ण केली आहे आणि माझ्या पत्नीचा तिला सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाठिंबा नव्हता. म्हणून हे परीक्षण त्याच अंगाने लिहीत आहे. केंद्राचे नाव देत नाही. ज्या उणिवा पुढे सांगणार आहे, त्या या व्यवसायाच्या साच्यातच आहेत आणि नाव बदलले तरी हातात पडणारा कागद बहुधा हाच असेल.

आधी माझी स्थिती सांगतो, म्हणजे पुढचे मोजमाप समजेल. वय बावन्न, उंची 170 सेंटिमीटर, वजन 91 किलो, पोटाचा घेर 104 सेंटिमीटर आणि काम फोर्टमधल्या एका कार्यालयात बसून करण्याचे. या उंची-वजनाचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, साडेएकतीसच्या घरात जातो. भारतीयांसाठी 23 पासून पुढे जादा वजन आणि 25 पासून पुढे स्थूलता धरतात, पुरुषांच्या पोटाच्या घेराची मर्यादा 90 सेंटिमीटर मानतात, त्यामुळे वादाला जागाच नव्हती. त्यात एचबीए1सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली साखर सरासरी किती होती हे सांगणारी चाचणी, 6.1 आले, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, आणि आमच्या डॉक्टरांनी औषध सुरू करण्याआधी सहा महिने आहारावर काढून बघा असे सुचवले. यात मी काही वेगळा आहे असेही नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 25 किंवा त्याहून अधिक बीएमआय असलेल्या स्त्रियांचे प्रमाण 24 टक्के आणि पुरुषांचे 22.9 टक्के निघाले होते, आणि हे आकडे 15 ते 49 या वयोगटाचे होते. माझ्या वयाची माणसे त्यांत धरलेलीच नाहीत.

तिमाही योजनेचे शुल्क पंधरा हजारांच्या आसपास आहे. त्यात पहिली सविस्तर भेट, दर आठवड्याला वजन-तपासणी, पंधरा दिवसांनी बदलणारा आहाराचा तक्ता, व्हॉट्सॲपच्या गटात रोजच्या ताटाचे छायाचित्र पाठवणे आणि एक 'फॅमिली सेशन' एवढे येते. डबा हवा असेल तर त्याचे पैसे वेगळे. भेटीची जागा स्वच्छ आहे, वेळ पाळली जाते, आणि सायंकाळी लोकलमधून उतरून जाणाऱ्या माणसासाठी साडेआठपर्यंत केंद्र उघडे असते, ही सोय मोठी आहे.

शरीरातील चरबी, स्नायू आणि पाणी मोजणारे जे यंत्र तिथे दिमाखात उभे आहे, त्याच्याबद्दल मात्र उगाच भारावून जाऊ नये. पायाखालच्या पट्ट्यांतून सौम्य विद्युतप्रवाह सोडून त्याला होणाऱ्या विरोधावरून ते अंदाज बांधते, आणि हा अंदाज शरीरात त्या वेळी पाणी किती आहे यावर बराच अवलंबून असतो. दिवसभर पाणी न पिता लोकलमध्ये घामाघूम होऊन गेलेला माणूस आणि सकाळी निवांत गेलेला तोच माणूस यांचे आकडे वेगळे येतात. त्यापेक्षा शिंप्याच्या फितीने घेतलेला पोटाचा घेर अधिक विश्वासाचा, आणि तो घरच्या घरी फुकटात घेता येतो.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे तक्ता. पहिला तक्ता मला एका तरुण आहारतज्ज्ञ मुलीने दिला. पोषणशास्त्राच्या दृष्टीने त्यात चूक काढण्यासारखे फारसे काही नव्हते. सकाळी उठल्यावर भिजवलेले बदाम, न्याहारीला मुगाचे धिरडे किंवा भाज्या घातलेले ओट्स, मधल्या वेळी फळ, डब्यात मिश्र पिठाचे दोन फुलके, कमी तेलाची भाजी, मोड आलेल्या कडधान्याची उसळ आणि कोशिंबीर, सायंकाळी भाजलेले चणे, रात्री आठच्या आत भाज्यांचे सूप, पनीर किंवा डाळ आणि एक भाकरी. वर माझे नाव, वय आणि वजन छापलेले होते. पण हा तक्ता अमलात आणायचा म्हणजे आदल्या रात्री मूग भिजवायचे, मटकीला मोड आणायचे, पहाटे धिरड्याचे वाटण करायचे, माझी भाजी वेगळ्या कढईत फोडणीला घालायची आणि रात्री सगळ्यांच्या स्वयंपाकाआधी माझे सूप तयार ठेवायचे. यांपैकी एकही काम माझ्या वाट्याचे धरलेले नव्हते आणि तक्ता देताना "हे घरी कोण करणार?" असा प्रश्नही कोणी विचारला नाही.

माझी पत्नी दुपारच्या सत्रातल्या शाळेत शिकवते. माझी लोकल सव्वासातची, त्यामुळे ती साडेपाचला उठून सातच्या आत डबा भरते, मग मुलाच्या कॉलेजचा डबा, घरातले बाकीचे, आणि बाराच्या आधी ती स्वतः बाहेर पडते. तिने तक्ता चष्मा लावून शांतपणे वाचला, घडी करून फ्रिजवर ठेवला आणि म्हणाली, "यात माझं नाव कुठे दिसत नाही, पण काम सगळं माझंच आहे."

याला असहकार्य म्हणायचे असेल तर म्हणावे, पण केंद्रातल्या मंडळींनी त्याचा जो अर्थ लावला तो फार उथळ होता. त्यांच्या लेखी जोडीदाराचा विरोध म्हणजे अज्ञान, आणि ते दूर करण्याचा उपाय म्हणजे माहिती. प्रत्यक्षात माझ्या पत्नीला कॅलरी कळत नाहीत असे नाही. ती गणित शिकवते. तिच्या विरोधात कामाचा बोजा तर होताच, पण त्याखेरीज आणखी बरेच काही होते. तिचे माहेर जळगाव जिल्ह्यातले आणि खानदेशी स्वयंपाकाचा तिला रास्त अभिमान आहे. रश्श्यावर तर्री दिसली नाही तर पाहुण्यांसमोर भांडे ठेवायला तिचा हात धजत नाही. ज्या हातचे खाऊन पंचवीस वर्षे काढली त्याच हातच्या भाजीसाठी आता दुसरी कढई मागणे, हा तिला स्वतःच्या स्वयंपाकावर मारलेला शेरा वाटला. पुढे वजन उतरू लागल्यावर तर नात्यातल्या बायका तिलाच विचारू लागल्या की, "अगं, हे वाळले कशाने? साखर लागली की काय?" आपल्याकडे नवऱ्याचे पोट हा बायकोच्या हाताला मिळालेला दाखला समजतात, आणि ते पोट आत गेले की उत्तर तिला द्यावे लागते.

मग रोजचे आग्रह. ताटातली पोळी संपायच्या आत दुसरी पडते, "एवढ्याशानं काय होतंय" म्हणून भाताचा दुसरा वाढा येतो. एकादशीला तक्त्यात फळे आणि दही लिहिलेले असते आणि घरात साबुदाण्याची खिचडी होते. तिचा हिशेब मी एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर करून पाहिला: एका माणसाच्या वाट्याला कोरडा साबुदाणा 60 ग्रॅम, दाण्याचे कूट 30 ग्रॅम आणि टेबलस्पूनभर तूप धरले तरी पाचशे कॅलरी सहज होतात, आणि त्यात बटाटा धरलेला नाही. घरात हे सांगण्यात अर्थ नसतो. उपासाच्या दिवशी ताटावर आकडे मोजणाऱ्याला आमच्या घरी तरी कोणी शहाणा म्हणत नाही.

योजनेतल्या फॅमिली सेशनबद्दल सविस्तर लिहिले पाहिजे, कारण केंद्राच्या जाहिरातीत त्याचा मोठा गाजावाजा आहे. शाळेला सुट्टी होती म्हणून पत्नी आली. तक्ता देणाऱ्या त्या आहारतज्ज्ञ मुलीने टेबलावर प्लास्टिकच्या पोळ्या, भाताची वाटी, जिलबी अशी नमुन्याची खाद्ये मांडली आणि गोड आवाजात सांगायला सुरुवात केली की, "काकू, काकांना तुमच्या सपोर्टची खूप गरज आहे." नंतर तेलाचा विषय निघाला. घरात महिन्याला किती तेल लागते असे विचारल्यावर पत्नीने पाच लिटरचा डबा असे सांगितले. त्यावर मुलीचा चेहरा असा झाला की माझी पत्नी तिथेच मिटली. वास्तविक हिशेब सरळ आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे 2024 मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत 2000 कॅलरींच्या दिवसभराच्या ताटात तेला-तुपाचे प्रमाण 27 ग्रॅम धरले आहे. तीन माणसांचे महिन्याचे सुमारे 2.4 किलो होते, तर पाच लिटर तेलाचे वजन साडेचार किलोच्या वर भरते. म्हणजे आमच्याकडे जवळपास दुप्पट जात होते. हे कागदावर शांतपणे मांडून दाखवले असते तर गणिताच्या शिक्षिकेला ते लगेच पटले असते. त्याऐवजी तिला भाजी "पाण्यात शिजवून" बघण्याचा सल्ला मिळाला. पत्नीने एवढेच विचारले, "तेल मी मोजून घालीन हो, पण सकाळी साडेपाचला चमचे मोजत उभं राहायचं कुणी? तुम्ही येणार का?" सत्र ठरलेल्या वेळेच्या आधीच संपले.

जोडीदाराचा प्रभाव पडतो हे खरेच आहे आणि केंद्रवाले ते पदरचे सांगत नाहीत. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथील लोकांच्या बत्तीस वर्षांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पती-पत्नींपैकी एक स्थूल झाला तर दुसराही होण्याची शक्यता 37 टक्क्यांनी वाढते असे आढळले होते. उलट बाजूने, 2018 मध्ये कनेक्टिकट विद्यापीठाच्या संशोधकांनी 130 जोडप्यांवर केलेल्या अभ्यासात, ज्यांना कोणताही सल्ला दिलेला नव्हता अशा जोडीदारांपैकी सुमारे एकतृतीयांश जणांचे वजनही सहा महिन्यांत 3 टक्के किंवा अधिक उतरले होते. केंद्राच्या पत्रकात याच अर्थाचे "तुमच्याबरोबर तुमचे कुटुंबही बारीक होईल" असे आश्वासन छापले आहे. पण एकतृतीयांशांचे उतरले म्हणजे दोनतृतीयांशांचे तेवढे उतरले नाही, हे पत्रक सांगत नाही. माझ्या पत्नीने त्या केंद्रातल्या काट्यावर पाय ठेवला नाही, आणि तिने ठेवावा असे मी सुचवलेही नाही.

व्हॉट्सॲपच्या गटाविषयी माझे मत पहिल्या आठवड्यातच वाईट झाले आणि ते बदललेले नाही. प्रत्येक जेवणाचे छायाचित्र टाकायचे, त्यावर केंद्रातून "छान काका, पण भात थोडा कमी" असा शेरा यायचा आणि गटातले इतर पन्नासेक अनोळखी लोक अंगठे दाखवायचे. एकट्याने राहणाऱ्याला याचा उपयोग होत असेल. ज्या घरात स्वयंपाक करणारी व्यक्ती समोर बसली आहे, तिथे मात्र वाढलेल्या ताटावर जेवणाआधी फोन धरणे यासारखा दुसरा अपमान नाही. पत्नीचा प्रश्न रास्त होता : "माझ्या भाजीवर परक्या बाईनं शेरा का मारायचा?" मी गटातून बाहेर पडलो. केंद्राने त्याबद्दल "बांधिलकी कमी पडते आहे" असा निरोप पाठवला आणि नंतर तो विषय सोडून दिला.

डब्याचा पर्यायही मी महिनाभर वापरला. कार्यालयात दुपारी साडेबारापर्यंत डबा येई, झाकणावर कॅलरींची चिठ्ठी आणि खाद्यपदार्थ परवान्याचा चौदा आकडी क्रमांक असे, आणि वेळेच्या बाबतीत तक्रारीला जागा नव्हती. चवीच्या बाबतीत मात्र सोमवारची दुधी आणि गुरुवारचा भोपळा यांत डोळे मिटून फरक सांगता आला नसता. फुलके गार झाल्यावर चामट होत, उसळीला मीठ आणि हळद यांखेरीज दुसरे काही लागलेले नसे, आणि पनीर वारंवार येई, कारण ते करायला सोपे. खरी अडचण चवीची नव्हती. बाहेरचा डबा सुरू केल्यावर घरचा डबा बंद होईल आणि पत्नीचे काम वाचेल, हे माझे गणित कागदावर बरोबर होते. पण मुलाचा डबा होतच असल्याने तिचा वेळ काही वाचला नाही. रात्री घरी आल्यावर मात्र "दुपारी तुमचं ते पथ्याचं खाल्लंत ना, मग आता तरी नीट जेवा" असे म्हणून दुपारची कसर भरून काढली जाई. पहिल्या महिन्यात काटा दीड किलोच्या आसपास हलला, त्यातही सुरुवातीला उतरते ते बरेचसे पाणी असते.

दुसऱ्या महिन्यात ती मुलगी नोकरी सोडून गेली आणि माझी नोंद एका वरिष्ठ आहारतज्ज्ञ बाईंकडे आली. या परीक्षणात केंद्राला जे काही गुण देतो आहे, ते मुख्यतः त्यांच्यामुळे. त्यांनी जुना तक्ता बाजूला ठेवला आणि घरात सकाळपासून रात्रीपर्यंत काय शिजते, कोणत्या भांड्यात, कोण वाढते आणि जेवायला किती वाजता बसता हे विचारून लिहून घेतले. मग त्यांनी एक अट घातली, ती मला संपूर्ण योजनेतील सर्वांत मोलाची वाटते : माझ्या आहारामुळे पत्नीचे काम मिनिटभरही वाढता कामा नये, कमी झाले तर उत्तम. त्यांचे म्हणणे असे की, जोडीदार ज्याच्या विरोधात आहे अशी गोष्ट त्याच्याच हातून रोज करून घेण्याची योजना पंधरा दिवसांच्या वर टिकत नाही, हे त्यांनी इतक्या घरांत पाहिले आहे की आता त्या 'सपोर्ट' हा शब्दच काढत नाहीत.

या अटीतून जे बदल निघाले ते फार साधे होते. पोळीला तेल लावण्याआधी माझ्या दोन बाजूला काढायच्या. यात काम उलट कमी होते. भाजी सगळ्यांची तीच, पण रस्सा असेल तर झाऱ्याने फोडी आणि डाळ घ्यायची आणि तर्री भांड्यातच राहू द्यायची. ग्रॅममागे नऊ कॅलरी धरल्या तर वर तरंगणारा टेबलस्पूनभर तेलाचा थर सव्वाशेच्या घरात जातो, हे ज्याला ठाऊक आहे त्याला झारा आणि डाव यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. कोशिंबीर मी स्वतः चिरायची, ती घरातल्या सगळ्यांसाठी. न्याहारीचे मी स्वतः बघायचे आणि पत्नीला त्यासाठी पहाटे काही मागायचे नाही. त्यामुळे उकडलेली अंडी, दही आणि फळ, किंवा आदल्या रात्री मीच भिजवलेले चणे, यांवर गाडी आली. ताट मात्र स्वतःचे स्वतः वाढून घ्यायचे. हा शेवटचा बदल सर्वांत अवघड गेला. "मी वाढलेलं चालत नाही का आता?" हा प्रश्न काही दिवस रोज आला आणि त्याला बरे उत्तर मला सुचले नाही, पुढे मी तिचेही ताट वाढून देऊ लागलो तेव्हा तो येईनासा झाला.

या बाईंना प्रादेशिक स्वयंपाकाची चांगली जाण आहे. पहिल्या तक्त्यात ओट्स आणि मिश्र पिठे होती. यांनी पत्नीच्या माहेराविषयी विचारले आणि मला म्हणाल्या की, "अहो, घरात कळण्याची भाकरी असताना तुम्हाला ते पाकिटातलं पीठ कोणी सांगितलं?" ज्वारीत काळे अख्खे उडीद आणि मीठ घालून एकत्र दळतात, ते हे कळणे, उडदाचे प्रमाण घरोघरी वेगळे असते. उडदात प्रथिने ज्वारीच्या दुपटीहून अधिक असतात, त्यामुळे नुसत्या ज्वारीपेक्षा ही भाकरी पोटाला जास्त वेळ धरते. मी घरी येऊन हे सांगितले तेव्हा पत्नीने पहिल्यांदाच केंद्राबद्दल एक बरा उद्गार काढला : "त्या बाईंना कळतं." ती नंतर पथ्य म्हणून नव्हे, तर स्वतःला आवडते म्हणून कळण्याची भाकरी वरचेवर करू लागली आणि सोबत ठेचा व कच्चा कांदा असे. भाकरीवर तेलाची धार घेणे मात्र तिने तिच्या ताटात बंद केले नाही, आणि मला त्यात बोलण्याचे कारण नव्हते.

हिवाळ्यात सासरी भरीत-पार्टी ठरली, तेव्हाही या बाईंचा सल्ला कामी आला. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. हिरवट, पांढुरके, हाताच्या पंजात न मावणारे हे वांगे पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या, जाळावर भाजतात, तेव्हा त्याची साल काळी पडून आपोआप सुटते आणि आतला गर धुराचा वास घेऊन मऊ होतो. वांगे स्वतः अगदी हलके, पण भरितात घातलेले तेल आणि शेंगदाणे आणि सोबतच्या कळण्याच्या पुऱ्या यांनी सगळा हिशेब बदलतो. पहिल्या तक्त्यानुसार हा पूर्ण दिवस 'चीट डे', म्हणजे पथ्य मोडण्याचा दिवस, ठरला असता. बाईंनी सांगितले की, जा, पोटभर भरीत खा, पुरीच्या जागी भाकरी घ्या आणि शेतात बसून न राहता हिंडा. भाकरी मागितल्यावर सासूबाईंनी भुवया उंचावल्या, पण भरीत दुसऱ्यांदा मागून घेतल्याने वातावरण निवळले. सासरच्या माणसांना जावयाने भरीत मागून घेतले की पुरीचे फारसे दुःख राहत नाही.

केंद्राने एक गोष्ट करायला नको होती, ती म्हणजे स्वतःच्या नावाची प्रोटीन पावडर विकणे. प्रत्येक तपासणीनंतर बाहेरच्या टेबलावर तिचा विषय निघतोच, आणि घरचे जेवण "पुरेसे सपोर्टिव्ह नसेल" तर पावडर हा उपाय म्हणून सांगतात. ज्याच्या घरी आधीच जेवणावरून तणाव आहे, त्याच्या दुखऱ्या जागी बोट ठेवून माल खपवण्याचा हा प्रकार मला मुळीच आवडला नाही. पोषण संस्थेच्या 2024 च्या तत्त्वांत शरीरयष्टी कमावण्यासाठी प्रथिनांच्या भुकट्या टाळाव्यात असे सांगितले आहे. माझ्यासारख्या चालण्यापलीकडे व्यायाम न करणाऱ्याला डाळ, दही, अंडी आणि उसळ पुरते. वरिष्ठ बाईंनी पावडरीचे नाव एकदाही काढले नाही, ही गोष्टही नोंदवून ठेवतो.

तीन महिन्यांअखेर वजन साडेचौऱ्याऐंशी किलो, पोटाचा घेर 97 सेंटिमीटर आणि एचबीए1सी 5.8 आले. आठवड्याला सरासरी अर्धा किलो, म्हणजे सुरक्षित समजल्या जाणाऱ्या गतीत, आणि त्यातला मोठा वाटा शेवटच्या दोन महिन्यांचा. घर तेच, कढई तीच, पत्नीचे मतही तेच. पावसाळी संध्याकाळी कांदाभजी होतात, मुलगा आणि ती खातात, मला "एक तरी घ्या" म्हणून देतात आणि मी एक घेतो. तेलाचा डबा मात्र आता महिन्याच्या पुढे जातो. याचे श्रेय कोणाला द्यायचे यावर आमच्यात चर्चा झालेली नाही. पत्नीच्या म्हणण्याप्रमाणे तेल महागले आहे.

गुण द्यायचेच तर पाचपैकी तीन देईन. यांत अर्ध्याहून अधिक त्या वरिष्ठ बाईंचे; पहिल्या महिन्यापुरते विचाराल तर दीडच्या वर जाणार नाही. एकटे राहणारे किंवा स्वतःचा स्वयंपाक स्वतः करणारे यांना पहिला तक्ताही चालून जाईल. ज्यांच्या घरी दुसरे कोणी शिजवते आणि ते या प्रकाराला राजी नाही, त्यांनी पैसे भरण्याआधी तीन महिने एकच आहारतज्ज्ञ राहणार का, आणि तक्ता घरात शिजणाऱ्या स्वयंपाकावरून करणार की आधीच छापलेला देणार, हे विचारून घ्यावे. उत्तर गुळमुळीत आले तर परत फिरावे. फॅमिली सेशनसाठी जोडीदाराला ओढून नेऊ नये, त्याने स्वतःहून विचारले तर गोष्ट वेगळी. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी जेवणाच्या वेळा आणि भाता-पोळीचे प्रमाण डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नये, कारण औषध तेच आणि जेवण कमी झाले तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. या केंद्रात हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारला गेला, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे.

मी योजनेचे नूतनीकरण केलेले नाही. दरपत्रकावर छापलेले नसले तरी, विचारल्यास हे केंद्र गट, यंत्र आणि डबा वगळून केवळ महिन्यातून एका सल्ल्याचे वेगळे शुल्क घेते. सध्या ते भरतो आणि भेट वरिष्ठ बाईंकडेच हवी असे पावतीवर लिहून घेतो.